चाकात हवा असताना घेतलेलं माप फसवतं: परवडणारा रिकव्हरी जॅक निवडताना काय झालं

गाडी माझी नाही, मित्राची. ती दोनदा रुतली, मी दोन्ही वेळेला सोबत होतो आणि दोन्ही वेळेला चिखलात उतरलो, त्यामुळे लिहायचा हक्क मला आहे असं धरून चालतो. नावगाव मुद्दाम टाकत नाहीये, गाडीची कंपनीपण नाही. माहितीसाठी एवढंच की लॅडर फ्रेमची (खाली शिडीसारखा लोखंडी सांगाडा) फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी, साधारण १८०० किलो, पुढं इंडिपेंडंट सस्पेन्शन (दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होणारी), मागं अख्खा एक्सल (दोन्ही चाकं जोडणारी एकच आडवी नळी), टायर जवळपास ७० सेंमी व्यासाचे, आणि बंपर कंपनीचेच, म्हणजे प्लास्टिकचे. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढं सगळं तिथंच अडणार आहे.

पार्श्वभूमी

मित्र काही रोज उठून डोंगर चढणारा माणूस नाही. महिन्यातून एखादी कच्च्या रस्त्याची चक्कर, कधी नदीकाठ, कधी जंगलातली चाकोरी. बरोबर कधी दुसरी गाडी असते, बऱ्याचदा नसते. विंच (रुतलेली गाडी ओढून काढायचा रहाट) नाही आणि घ्यायचा विचारपण नाही, कारण बजेट नाही. सामान म्हणजे एक दोर, एक जुनं फावडं आणि गाडीबरोबर आलेला सिझर जॅक (स्क्रू फिरवला की कात्रीसारखा उघडणारा), जो तेव्हापर्यंत फक्त पंक्चरला वापरला होता.

अडचण

आटत आलेल्या तलावाचा काठ. वरून भेगा पडलेल्या, पापुद्रा वाळलेला, माणूस चालत गेला तर नुसता करकर आवाज. गाडी वीस-पंचवीस फूट गेली आणि मागचं उजवं चाक पापुद्रा फोडून खाली गेलं. मित्राने सवयीने अजून थोडा गॅस दिला (सगळेच देतात, मीपण दिला असता) आणि चाक वीसेक सेंमी रुतलं.

मग सिझर जॅक काढला. चेसिसखाली लावला, हॅण्डल फिरवायला घेतलं, हाताला जोर लागतोय म्हणजे गाडी उचलली जातेय असं वाटत होतं. दोन-तीन मिनिटांनी तिसऱ्या मित्राने वाकून बघितलं आणि विचारलं, "अरे, जॅक कुठाय?" गाडी होती तिथंच होती, जॅक मात्र निम्मा जमिनीत गेला होता, वर तिरका. खाली स्टेपनीचं कव्हर घातलं, मग एक चपटा दगड, दगडपण गेला. शेवटी चार तासांनी एक ट्रॅक्टरवाला आला, त्याने दोन मिनिटांत ओढून काढलं. जॅक खणून काढायला त्याहून जास्त वेळ लागला.

घरी आल्यावर मित्राचं मत ठाम होतं की जॅक फालतू होता, मोठा घ्यायचा. माझंपण तेच. ते अर्धंच खरं होतं हे नंतर कळलं.

आधी थोडं गणित

खरेदीच्या आधी एका रविवारी टेप घेऊन बसलो, आणि या सगळ्या प्रकरणात सगळ्यात शहाणपणाचं आम्ही काही केलं असेल तर ते हेच.

पहिलं, जॅक खाली का गेला. गाडीच्या एका मागच्या चाकावर साधारण साडेचारशे किलो येतं. टायरमध्ये ३२ पीएसआय हवा होती, म्हणजे टायर जमिनीवर ढोबळ मानाने तेवढाच दाब टाकतो, सव्वादोन किलो प्रति चौरस सेंमी. आता तोच साडेचारशेचा भार जॅकच्या १० बाय १० च्या बुडावर आला तर साडेचार किलो होतो. म्हणजे ज्या जमिनीला टायर सोसला नाही तिच्यावर आम्ही दुप्पट दाब टाकत होतो आणि वर जॅकला शिव्या देत होतो. ३५ बाय ३५ ची फळी खाली घातली तर तोच दाब ०.३७ वर येतो. साधारण सत्तर किलोचा माणूस एका पायावर उभा राहिला तर एवढाच दाब पडतो. यातून एक चांगली ढोबळ परीक्षा मिळाली, जिथं आपण एका पायावर उभं राहून रुतत नाही तिथं ती फळी बहुतेक धरेल.

दुसरं, चाक उचललं का गेलं नाही. चेसिसखाली जॅक लावला की आधी बॉडी वर जाते, चाक स्प्रिंगला लटकून खालीच राहतं. या गाडीचं मागचं चाक नॉर्मल उंचीपासून जवळपास २० सेंमी खाली लोंबतं, म्हणजे पहिले २० सेंमी जॅक मारून चाक जागचं हलतच नाही. आमच्या सिझर जॅकला त्या दिवशी जेमतेम १६ सेंमी उचल शिल्लक होती, कारण रुतलेल्या गाडीखाली तो आधीच अर्धा उघडून बसवला होता. म्हणजे खाली काँक्रीट असतं तरी चाक वर आलं नसतं. हे कागदावर उतरल्यावर दोघंही गप्प बसलो.

तिसरं माप घेतलं ते मागच्या एक्सलच्या नळीचं. सपाट जमिनीवर, हवा भरलेली असताना नळीखाली २९ सेंमी. मित्र म्हणाला झालं, कुठलाही जॅक बसतो. मग मी त्याला एका चाकातली सगळी हवा सोडायला लावली (शिव्या खाल्ल्या) आणि परत मोजलं तर १७ सेंमी. रुतलेल्या चाकाला अजून कमी, तलावाच्या दिवशीच्या हिशोबाने ९ च्या आसपास. म्हणजे जॅक किती उंच जातो हे बघायच्या आधी तो बंद असताना किती बुटका असतो ते बघायला पाहिजे. दुकानातल्या खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरात फक्त टन लिहिलेले असतात.

कोणते पर्याय तोलले

हायलिफ्ट, ज्याला फार्म जॅक पण म्हणतात: भोकं पाडलेला उंच उभा बार, आणि दांडा मारला की त्यावर पायरी-पायरीने चढणारी जीभ. फोटोत सगळ्यांच्या गाडीवर तोच बांधलेला दिसतो, त्यामुळे मित्राचं मन तिथंच होतं. १९०५ पासून हा प्रकार चालत आलाय, मुळात शेतीवरचं हत्यार, कुंपणाचे खांब उपटायला, गाडी उचलायला, ओढायला, सगळ्याला. ४८ इंची जॅक तेरा-चौदा किलोचा, क्षमता साधारण दोन टन, आणि उचल एवढी की स्प्रिंग लोंबायची ती लोंबो, चाक वर येतंच. शिवाय हाताने ओढायच्या विंचसारखापण वापरता येतो, हळू का होईना.

पण तो लावायचा कुठं? त्याला स्टीलचा बंपर, नाहीतर बाजूला स्टीलचे रॉक स्लायडर (दारांखाली लावलेले मजबूत नळे) लागतात. आमच्या प्लास्टिकच्या बंपरखाली त्याची जीभ घातली तर बंपर गाडीपासून वेगळा होऊन एकटाच वर आला असता. चाकाला हूक लावून थेट चाकच उचलायचं एक जोडसामान मिळतं, ते चांगलं आहे, पण म्हणजे अजून एक खर्च. एका ओळखीच्याचा जॅक आणून सपाट पार्किंगमध्ये टो हूकखाली (गाडी ओढायच्या हूकखाली) लावून बघितला. गाडी वर गेली, आणि मग मी नुसतं बोट लावल्यासारखं ढकललं तर सगळी गाडी पाळण्यासारखी हलली. तिथंच माझं मत फिरलं.

हॅण्डलचा प्रकार वेगळाच. खाली उतरवताना दर झटक्याला गाडीचं वजन त्या दांड्यावर येतं, हात सुटला तर दांडा आपोआप वरखाली मारत सुटतो, आणि जबडा किंवा डोकं त्याच्या वाटेत असेल तर विषय संपला. दिशा बदलायचं खटकं पाडताना दांडा उभा, बारला चिकटवून ठेवायचा असतो. आणि भार फारच कमी असेल तर खाली यायच्या मोडवर तो पायऱ्या न घेता एकदम घसरतो. वाईट हत्यार आहे असं नाही, पण रोजच्या हातातलं पाहिजे, वर्षातून दोनदा काढायचं नाही. त्यात चिखल-गंज बसला की पिना अडकतात, त्यामुळे नुसता गाडीवर मिरवून चालत नाही, तेलपाणी बघावं लागतं.

जुना हायलिफ्ट घ्यावा का याचापण विचार झाला. बार वाकलेला नाही ना, भोकं लांबट झालेली नाहीत ना, दोन्ही पिना स्प्रिंगने टक्कन बसतात ना, हे बघून घेतला तर जुना चालतो. पण बंपरचा प्रश्न जुन्यालाही तोच.

एअर बॅग, म्हणजे सायलेन्सरच्या धुराने फुगणारी मोठी पिशवी. चिखल आणि रेतीसाठी कल्पना म्हणून सगळ्यात हुशार हीच. ६५ सेंमी व्यासाची पिशवी धरली तर क्षेत्रफळ ३३०० चौरस सेंमी, म्हणजे अर्धा किलो दाबातसुद्धा दीड टनाच्या वर उचलते, आणि खालच्या जमिनीवरपण तेवढाच कमी दाब, म्हणून ती रुतत नाही. पण गाडीच्या पोटाखाली टोकं, बोल्ट, गरम सायलेन्सर, त्यात काटे. आणि मित्राच्या गाडीच्या सायलेन्सरचं तोंड चपटं कापलेलं, त्यावर पाइपचा कोन नीट बसेना, धूर बाजूने निघून जायचा. कॉम्प्रेसरने फुगवता येते, पण तो घ्यायचा म्हणजे परत खर्च. सोडून दिलं. बजेट असतं आणि रेतीतच फिरायचं असतं तर मी हीच घे म्हणालो असतो.

ट्रॉली जॅकवर, म्हणजे चाकांवर सरकणाऱ्या गॅरेजच्या जॅकवर, दोन मिनिटंपण घालवली नाहीत. चिखलात त्याची चाकं बुडतात, आणि वजन बघता तो गॅरेजमध्येच शोभतो.

राहिला बॉटल जॅक, म्हणजे बाटलीसारखा दिसणारा, तेलाच्या दाबाने उचलणारा. दिसायला अगदीच मामुली, पण बराच स्वस्त, आणि मुख्य म्हणजे तो एक्सलखाली लागतो. एक्सलखाली लावला की लोंबायचा हिशोबच संपतो, जॅक १० सेंमी वर गेला की चाक जवळपास १० सेंमी वर. गाडीपण कमी डुलते कारण बॉडी स्प्रिंगवर तशीच बसलेली असते. तोटा एकच, तो बुटका नाही, आणि रुतलेल्या एक्सलखाली जागा नसते. म्हणजे खणायचं.

ठरवलं काय

इथं आमचं वाजलं. मित्र म्हणत होता खणायचंच असेल तर जॅक कशाला, मी म्हणत होतो खणायचं सगळ्याच पर्यायांत आहे. शेवटी असं ठरलं की जॅकवर कमी खर्च करायचा आणि राहिलेले पैसे जॅकच्या खाली घालायचे.

घेतलं ते हे: ४ टनी बॉटल जॅक, बंद उंची १९.५ सेंमी, तेलाची उचल १२, वरचा स्क्रू ६, म्हणजे जास्तीत जास्त साडेसदतीस. क्षमता जॅकच्या अंगावर लिहिलेली आहे आणि तो ईएन १४९४ या युरोपियन मानकाचा आहे एवढं बघितलं. १८ मिलीच्या प्लायचे ३५ बाय ३५ चे चार तुकडे, दोन-दोन एकावर एक स्क्रूने जोडून दोन जाड फळ्या. प्रत्येकीला एका कोपऱ्यात भोक पाडून दोराचा फास. हा फास माझी आयडिया होती आणि तिचं मला अजून कौतुक आहे, कारण चिखलात दाबली गेलेली फळी सरळ वर ओढून निघत नाही, खाली हवा जायला वाट नसते, ती कोपऱ्याकडून ओढून सोलून काढावी लागते. शिवाय नवीन लांब दांड्याचं फावडं आणि टायर प्रेशर बघायचा गेज.

जॅकचा माथा गोल आणि तीनेक सेंमीचा, एक्सलची नळीपण गोल, म्हणजे गोलावर गोल. वेल्डिंगवाल्याकडून एक टोपी करून घेतली, खाली जॅकच्या माथ्यावर सैलसर बसणारी, वर इंग्रजी व्ही सारखी खाच. वेल्डिंग टोपीचं टोपीवरच, जॅकला वेल्डिंग अजिबात नाही, आत तेल आणि सील असतात.

प्रत्यक्ष वेळ आली तेव्हा

चार-पाच महिन्यांनी, पावसानंतर, जुन्या चाकोरीत गाडी घसरून बसली. या वेळी मागचं डावं चाक, १८ सेंमी रुतलेलं, माती चिकण.

पहिला निर्णय जॅक काढायचा नाही हा होता. चारही चाकांची हवा १८ पीएसआयवर आणली, चाकासमोर उतार खणला, रिव्हर्स मारून बघितलं. गाडी एक फूट हलली आणि परत बसली. यात वीस मिनिटं गेली, पण ती घालवायलाच पाहिजेत असं माझं मत आहे, निम्म्या वेळेला गाडी एवढ्यावरच निघते.

मग पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावले. याचं कारण सांगतो, कारण यात भलेभले फसतात. या गाडीचा हॅण्डब्रेक मागच्या चाकांवरच आहे, आणि आपण मागचंच चाक उचलतोय. काही जुन्या ऑफरोडरमध्ये, उदाहरणार्थ लँड रोव्हर डिफेंडरमध्ये, हॅण्डब्रेक चाकांवर नसून ट्रान्स्फर केसच्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) मागच्या शाफ्टवर असतो. तिथं सेंटर डिफ (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा मधला डिफरन्शियल) लॉक न करता एक चाक अधांतरी केलं की डिफरन्शियलमधून ते चाक उलटं फिरतं आणि ब्रेक ओढलेला असूनही गाडी चालू लागते. ऑटोमॅटिकच्या पी गिअरचंपण तत्त्व तेच. दगड नसतील तर जॅकला हात लावू नये.

एक्सलखाली ११ सेंमी होते, आम्हाला फळी, जॅक आणि टोपी मिळून २४ पाहिजे होते. तेरा सेंमीचा खड्डा खणायचा, ऐकायला काहीच नाही, पण दोन फावडी मारली की खड्ड्यात पाणी भरायचं, परत उपसायचं. पाऊण तास तिथंच गेला. फळी घातली, जॅक उभा केला, आणि दांडा मारायला घेतला तेव्हा पहिल्या सहा-सात झटक्यांत फळीच खाली गेली, दोनेक सेंमी. मग थांबली. मग एक्सल वर यायला लागला. तो चिखलातून चाक सुटतानाचा ओला, चोखल्यासारखा आवाज आला तेव्हा तिघंही एकदम ओरडलो.

बारा सेंमी झाल्यावर चाकाखाली दगड आणि फांद्या सरकवल्या, फावड्याच्या दांड्याने, हात एकाचाही आत नाही. गाडी खाली सोडली, भराव चार सेंमी दबला. मग जॅकखाली दुसरी फळी, परत उचल.

आणि इथं चुकलं. दुसऱ्या उचलीत जॅक एका बाजूला कलायला लागला, वरचा माथा जवळपास चार बोटं सरकला. कारण खड्ड्याची एक कड आम्हीच खणून पोकळ केली होती आणि फळीचा तो कोपरा बसत होता. खाली सोडावं म्हटलं तर तेल सोडायचा व्हॉल्व गाडीच्या पोटाकडच्या बाजूला! लावताना कुणी बघितलंच नव्हतं. म्हणजे कललेल्या जॅकच्या पलीकडं हात घालायचा. मित्र म्हणाला मी घालतो, आम्ही दोघांनी त्याला अक्षरशः मागं ओढलं. दहा मिनिटं चाकाखाली ठासून भराव घातला, म्हणजे जॅक पडला तरी गाडी चाकावरच बसेल, आणि मग जॅकच्या दांड्याचं खाचेचं टोक लांबून व्हॉल्ववर अडकवून हळूच फिरवलं. गाडी भरावावर बसली. खड्डा पुसून सपाट केला, जॅक व्हॉल्व बाहेर करून परत लावला, तिसऱ्या उचलीत चाक जमिनीच्या बरोबरीला आलं.

निकाल

सगळं मिळून अडीच तास, ट्रॅक्टर न बोलावता. गाडीला काही झालं नाही, एका फळीचा कोपरा चिरला. फासाच्या दोराने दोन्ही फळ्या निघाल्या, एक सोलून काढताना मी मागच्या मागं चिखलात बसलो ते वेगळं. परतताना जॅक मागं आडवाच टाकला, त्यामुळे घरी येईपर्यंत थोडं तेल गळलं होतं. तेल घालून, व्हॉल्व उघडा ठेवून पाच-सहा वेळा दांडा मारून आतली हवा काढली, मग परत नीट चालला. आता तो उभा बांधलेला असतो.

परत घ्यायचं झालं तर

४ टनी घेतला ही माझ्या मते हौसच झाली. एका चाकाला साडेचारशे किलो, चिखलाची ओढ धरून अजून थोडं, त्याला २ टन पुरतात, आणि २ टनी जॅक बहुतेक बुटके असतात. किंवा मग दोन टप्प्यांत दांडा बाहेर येणारा बॉटल जॅक, बंद असताना बुटका आणि उघडला की बराच उंच. तीन सेंमी कमी खणायला लागणं म्हणजे किती सुख आहे ते पाणी भरलेल्या खड्ड्यात कळतं. टनाचा आकडा बघून आम्ही भुललो आणि बंद उंचीचं जे माप स्वतः घेतलं होतं ते दुकानात विसरलो.

फळ्या ३५ ऐवजी ४५ च्या केल्या असत्या, निदान एक तरी. आणि खड्डा फळीपेक्षा चारही बाजूंनी हातभर मोठा नाही, फळीएवढाच खणायचा, म्हणजे कडा पोकळ होत नाहीत.

सिझर जॅक काढून टाकू नका, आम्ही जवळजवळ भंगारात देणार होतो. बसलेल्या टायरला नळीखाली १७ सेंमी उरतात तिथं साडेएकोणीसचा बॉटल जॅक जातच नाही, त्यामुळे पंक्चरला अजूनही तोच लागतो.

हायलिफ्टचा वाद मात्र मिटलेला नाही. मित्र आता रॉक स्लायडर लावायचं म्हणतोय, आणि ते लागले की माझा मुख्य मुद्दाच जातो. मी त्याला सांगितलंय की लाव, पण आधी महिनाभर दर रविवारी सपाट जागेवर त्या जॅकने गाडी वर-खाली करून दाखव. अजून एक रविवार झाला नाहीये. व्हॉल्वच्या बाजूला बॉटल जॅकवर मात्र त्याने पिवळ्या रंगाने मोठा बाण काढलाय, आणि खाली लिहिलंय "हे बाहेर".